शेतावरील कोपीतला सूर्यदीप

घोडनदीकाठचे शिरूर असो वा भीमाकाठचे दौंड, उसाच्या रानात वस्ती करणाऱ्यास रात्री दाराशी दिवा हवाच. बिबट्याचे भय आता नित्याचे झाले आहे. जेथे वीज पोहोचली नाही, तेथे सोलर पॅनेल उपयोगी पडते. ते दक्षिणेकडे तोंड करून सुमारे १९ अंश कलते बसवावे, हे पुष्कळांस ठाऊक असते. हयगय होते ती तारेविषयी.

“१२ व्होल्टांचा झटका बसत नाही, मग भय कसले?” असे लोक विचारतात. परंतु ६० वॅटांच्या भारास २३० व्होल्टांवर पाव अँपिअर पुरतो, तेथे १२ व्होल्टांवर ५ लागतात. १० मीटर अंतरावर १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेल्यास जाऊन-येऊन पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ४ चौरस मिलिमीटरची नेल्यास अर्धाच.

याहून मोठा धोका आगीचा. उंदराने तार कुरतडून दोन्ही तारा भिडल्या, की बॅटरी प्रचंड प्रवाह सोडते, तार लाल होते. आणि वर छप्पर असते वाळल्या पाचटाचे! म्हणून बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच १० अँपिअरचा फ्यूज घालावा व तार नळीतून न्यावी. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल. सोडविताना क्रम उलटा.

रक्षणासाठी लावलेल्या दिव्यानेच घर जाळू नये, एवढी दक्षता आपल्या हाती खचित आहे.