वर्गातील बाजार आणि घरातील हिशेब
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आमचा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सान्निध्यात गेला. अर्थशास्त्राचे पांडित्य आमच्यापाशी नाही. तेव्हा वर्गात जे केले, जे साधले आणि जे चुकले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आम्ही पस्तीस वर्षे मुलांकडून सुवाच्य अक्षरात लिहवून घेतली. अक्षरे सुधारली; पाय मात्र पसरायचे तसेच पसरत राहिले. आमचेच हुशार विद्यार्थी, गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे, पुढे लग्नकार्यासाठी दरमहा शेकडा तीन दराने पैसे उचलताना आम्ही पाहिले. हे व्याज न फेडता साचत गेले, तर दहा हजारांचे कर्ज २४ महिन्यांत वीस हजारांच्या वर जाते. चक्रवाढ व्याजाचे हे उदाहरण त्यांनी आमच्याच वर्गात सोडविले होते. उत्तर बरोबर आले होते, परंतु ते आपल्या घराला लागू आहे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. तो दोष आमचा.

मुलांस पैशाचा व्यवहार करून दाखवावा, हा विचार नवा नाही. एके काळी आपल्याकडील अनेक शाळांत ‘संचयिका’ नावाची बचत बँक चाले, हे येथील वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. मुंबईत जेरू बिलिमोरिया यांनी १९९१ साली स्थापिलेल्या ‘मेलजोल’ संस्थेच्या शाळांतील कामातून पुढे ‘अफलातून’ ही चळवळ उभी राहिली, आणि मुलांनी स्वतः चालविलेल्या बचत मंडळांची कल्पना तिने देशोदेशी नेली. अमेरिकेत व्हॅनगार्ड या गुंतवणूक संस्थेने शिक्षकांसाठी एक विनामूल्य योजना तयार केली आहे. तीत वर्गातील प्रत्येक मुलास नोकरी असते, पगार असतो, आणि बसण्याच्या जागेचे भाडे त्याला स्वतः भरावे लागते. ही शेवटची योजना आम्हांस विशेष भावली, आणि २०१६ च्या जूनपासून आठवीच्या वर्गात आम्ही ती आपल्या रीतीने सुरू केली.

वर्गात ४२ मुले होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर नोटा तयार केल्या आणि चलनाचे नाव ठेवले ‘कवडी’. कोणी फळा पुसणारा, कोणी पाण्याच्या पिंपाची व्यवस्था पाहणारी, कोणी ग्रंथपाल, कोणी रोजकीर्द व खतावणी लिहिणारा कारकून. प्रत्येकास आठवड्याला ४० कवड्या पगार आणि बाकावरील जागेचे भाडे २५. उरलेल्या १५ कवड्या खर्चाव्यात की साठवाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे. ३०० कवड्या साठविल्या की जागा विकत घेता येई. मग भाडे संपले. सारी शिल्लक राखणाऱ्यास त्यासाठी वीस आठवडे पुरत. परंतु महिनाअखेरीस वह्या, पेन्सिली, चेंडू यांचा लिलाव असे, आणि तेथे भल्याभल्यांचे निश्चय गळून पडत.

दिवाळीच्या आधी आम्ही औदार्याच्या भरात प्रत्येकास १०० कवड्या बोनस वाटला. वर्गात आनंदीआनंद झाला. पुढल्या लिलावात वस्तू तितक्याच होत्या. मात्र पूर्वी ३० कवड्यांस गेलेली वही ८० वर गेली. एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, बोनस तुम्ही दिला आणि तुम्हीच परत घेतला.” महागाईची याहून नेटकी व्याख्या आम्हांस आजवर करता आलेली नाही.

आता आमच्या चुकीविषयी. नियम असा होता की तीन आठवडे भाडे थकल्यास जागा सोडावी आणि मागे सतरंजीवर बसावे. जानेवारीत एक मुलगा आईच्या आजारपणामुळे तीन आठवडे शाळेत आला नाही. काम नाही म्हणून पगार नाही. भाडे मात्र चढत गेले. त्याच्या नावे ३० कवड्या जमा होत्या, त्या ७५ च्या भाड्यात वळत्या झाल्या. तो परतला तेव्हा कारकुनाने नियमाप्रमाणे ४५ कवड्यांची बाकी मोठ्याने वाचली आणि त्याची खिडकीजवळची जागा दुसऱ्याने घेतली. मुलगा काही न बोलता सतरंजीवर जाऊन बसला. मधल्या सुट्टीत आम्ही त्याच्याजवळ गेलो, तेव्हा तो इतकेच म्हणाला, “गुरुजी, आमच्या शेताचंही असंच झालं.”

श्रोतेहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. काटकसर शिकवावयास निघालो आणि शिकविले ते हे, की जो बुडतो तो आपल्याच दोषाने बुडतो. हा मुलगा उधळ्या नव्हता. आजारपण हा काही दुर्गुण नव्हे. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरे व्यसनाने नव्हे, तर एका दुखण्याने किंवा एका बुडालेल्या पिकाने कर्जात गेली, हे ठाऊक असूनही आमच्या नियमांत त्याला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाची क्षमा मागितली आणि प्रश्न मुलांपुढेच ठेवला. दोन तास वाद झाला. अखेर ‘अडीनडीचा फंड’ निघाला. दर आठवड्यास प्रत्येकाने २ कवड्या द्याव्यात. ८४ जमतील, त्यांत तिघांचे भाडे भागून ९ उरतील. विमा म्हणजे काय, हे आम्हांस निराळे शिकवावे लागले नाही. जिने पाच जागा विकत घेतल्या होत्या, त्या मुलीने प्रथम कडाडून विरोध केला. मग तिने एक अट घातली : फंडाचा जमाखर्च दर शनिवारी सर्वांसमोर वाचला पाहिजे. अट मान्य झाली. आमच्या मते साऱ्या वर्षातील सर्वांत शहाणा ठराव तोच.

या गोष्टीची आज निकड अधिक आहे. पूर्वी वडील नोटा मोजून देत, तेव्हा पैसा गेलेला मुलास दिसे. आता मोबाइलवर बोट टेकले की पैसे जातात, आणि कर्जही तितक्याच सहज मिळते. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांस स्वतःचे बचत खाते स्वतः चालविण्याची वाट मोकळी केली. आपल्यापैकी किती घरांनी तिचा उपयोग केला? बँकेतील ठेवीस २०२० पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीस ते नाही. दीड टक्का अधिक व्याजाच्या मोहाने निवृत्तीची पुंजी ठेवणाऱ्या किती जणांनी हा भेद विचारला?

म्हणून मंडळास आमची नम्र विनंती दोन गोष्टींची. आपल्या विद्यार्थिवसतिगृहात येत्या जूनपासून असा व्यवहार सुरू करावा. खर्च म्हणाल तर जुन्या पत्रिका आणि एक खतावणी. आणि पुढील वार्षिक सभेत मंडळाच्या शिक्षणनिधीचा ताळेबंद वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी वाचावा, प्रश्न विचारावेत आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांची उत्तरे द्यावीत. उत्तरे देताना थोडे अवघडल्यासारखे होईल. आम्हांसही त्या वर्गात झाले होते. त्यातून आमचे हितच झाले.

तो मुलगा मार्चअखेर पुन्हा बाकावर बसला. फंडाने त्याची बाकी भरली होती. पुढे फंडाची खतावणी लिहिण्याचे काम त्याने आपण होऊन मागून घेतले आणि वर्ष संपेपर्यंत एकही शनिवार चुकविला नाही.