हजेरी नव्हे, पीक मोजू या



आपल्या देणग्यांतून गावोगावच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण मिळते. किती जण आले आणि शिबिर किती दिवस चालले, हे अहवालात येते. पण शिकलेले कामावर उतरले का? हे आपण विचारायला हवे.

आपल्या बीड जिल्ह्याला लागूनच जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तिथे काम सुरू केले. गावच्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्या ठरावीक दिवशी केंद्रात येत, शिकत आणि गावी जाऊन तेच करत. तिथल्या प्रशिक्षणाचे माप बालमृत्यू हे होते. १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बालके दगावत. १९९३ पर्यंत हा आकडा १९ वर आला.

कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांत विहिरी झाल्या, लसी आल्या, मग श्रेय प्रशिक्षणाचे कसे? शंका रास्त आहे. तिचे उत्तर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधले. ३९ गावांत प्रशिक्षित बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे पारधी वस्त्या आणि तांडे दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघतात. टोळीतल्या एखादीला आपण प्रथमोपचार शिकवतो. तिची खरी परीक्षा शिबिरात नाही, फडावरच्या कोपीत होते. म्हणून तीन गोष्टी करू या. शिबिराआधी तिला काय येते, ते टिपू या. तीन महिन्यांनी फडावर जाऊन तिला जलसंजीवनी करायला सांगू या: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. साप चावला तर काय करशील, तेही विचारू या. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, हातपाय हलवू न देता थेट दवाखाना गाठायचा, हे तिला आठवते का? आणि प्रशिक्षण न झालेल्या टोळीतही हेच विचारू या.

या फेरीला गाडीभाडे लागते. शिबिराच्या जेवणाला आपण आनंदाने देता. या फेरीलाही द्या. उत्तर निराशाजनक आले, तरी ते छापू या. जुलाबाने कोमेजलेल्या लेकराला प्रमाणपत्र उपयोगी नाही. आईच्या शेजारी बसलेल्या बाईचे हात उपयोगी आहेत.