भुईखालचे कारखाने



आपल्या भोकर भागात विहीर पाडायची म्हणजे काय दिव्य असतं, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. वरची माती आणि मुरूम निघतो, मग कातळ लागतो. सुरुंग लावावे लागतात, यारीनं डबर वर ओढावं लागतं, आणि पाणी लागलं की ते उपसल्याशिवाय पुढचा हातभर खड्डा होत नाही. म्हणूनच विज्ञानकथेत जमिनीच्या पोटात पसरलेला प्रचंड कारखाना दिसला आणि त्यातून यंत्रमानवांच्या पलटणी बाहेर पडू लागल्या, की मला पहिल्यांदा एकच विचारावंसं वाटतं. हे खोदलं कुणी?

आपली मुलं हे कारखाने मोबाइलवर पाहतात. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 2002 सालच्या 'अटॅक ऑफ द क्लोन्स' या चित्रपटात जिओनोसिस नावाचा रखरखीत ग्रह आहे. त्याच्या पोटात भट्ट्या धगधगताहेत, सरकत्या पट्ट्यांवर यंत्रसैनिकांचे हातपाय जोडले जाताहेत. दृश्य देखणं आहे यात शंका नाही. पण असा कारखाना या पृथ्वीवर खरोखर होऊन गेला, आणि तो अजिबात देखणा नव्हता.

जर्मनीत नॉर्डहाउझेन गावाजवळ कोनश्टाइन नावाचा डोंगर आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट 1943 मध्ये, ब्रिटिश विमानांनी पेनेमुंडे इथल्या अग्निबाणांच्या केंद्रावर बॉम्ब टाकले. तेव्हा हिटलरच्या सरकारनं ठरवलं, की उत्पादन जमिनीखाली न्यायचं. कोनश्टाइनमध्ये इंधन साठवण्यासाठी आधीच बोगदे खोदलेले होते, ते वाढवण्यात आले. दोन लांब समांतर बोगदे आणि त्यांना जोडणारे चाळीसहून अधिक आडवे बोगदे, अशी शिडीसारखी रचना. त्या बोगद्यांतून आगगाडी आत जायची. आत व्ही-2 अग्निबाण तयार व्हायचे. पुढे बिनपायलटचे व्ही-1 सुद्धा तिथेच बनू लागले. त्या काळच्या अमेरिकन वृत्तपत्रांनी या व्ही-1 ला 'रोबो बॉम्ब' म्हटलं होतं.

आता खोदणाऱ्यांविषयी. ते बुखेनवाल्डच्या छळछावणीतून आणलेले कैदी होते. पहिले काही महिने ते बोगद्यातच राहिले. सुरुंगांची धूळ, अंधार, गारठा, झोपायला लाकडी फळ्या, आणि शेजारी अखंड चालू असलेलं काम. आठवडेच्या आठवडे त्यांना सूर्य दिसत नसे. या कामासाठी उभारलेल्या डोरा नावाच्या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत सुमारे 60 हजार माणसं आणली गेली. त्यांतली अंदाजे एक तृतीयांश मेली. व्ही-2 पडून जितके लोक मेले, त्याहून जास्त तो बनवताना मेले, असं इतिहासकार सांगतात. त्या कारखान्याबद्दल हे एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

युद्ध संपल्यावर कथाकारांनी भुयार ठेवलं आणि त्यातला माणूस काढून टाकला. अमेरिकन लेखक फिलिप के. डिक यांची 1953 सालची 'सेकंड व्हरायटी' ही कथा घ्या. रशिया-अमेरिका युद्धात जग राख झालेलं आहे. जमिनीखाली आपोआप चालणारे कारखाने धारदार पात्यांची लहान यंत्रं बनवून वर पाठवताहेत. देखरेखीला कुणी नाही, आणि आराखडा सुधारण्याचं कामही त्या यंत्रांवरच सोपवलेलं आहे. मग एके दिवशी छातीशी कापडी अस्वल धरलेलं एक अनाथ पोर सैनिकांच्या मागे मागे चालू लागतं. ते पोर त्याच कारखान्यातून आलेलं असतं.

त्याही आधी, 1921 साली, प्राग शहरात कारेल चापेक यांचं 'आर.यू.आर.' हे नाटक रंगमंचावर आलं. तिथला कारखाना बेटावर आहे. सरकारं यंत्रमानव विकत घेतात आणि त्यांच्या हाती बंदुका देतात. यंत्रमानवांचं बंड उसळल्यावर कारखान्याचा प्रमुख तोडगा काढतो, की यापुढे प्रत्येक देशात वेगळा कारखाना काढू, म्हणजे एका देशाचे यंत्रमानव दुसऱ्या देशाच्या यंत्रमानवांचा द्वेष करतील आणि कधी एक होणार नाहीत. शंभर वर्षांपूर्वीचं हे नाटक आज वाचताना अंगावर काटा येतो.

मराठीत हा विषय आला तो डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत. मला ती त्यांच्या कादंबऱ्यांत सर्वांत महत्त्वाची वाटते. एका प्रयोगासाठी खोल खोदकाम चाललेलं असताना जमिनीत एक पेटी सापडते. ती आपल्या आधी होऊन गेलेल्या एका प्रगत संस्कृतीची असते. पेटीतल्या माहितीवरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात. तो आकारानं लहान म्हणून त्याचं नाव वामन. बळीराजाची गोष्ट ज्या घरात सांगितली जाते, तिथं या नावातली धास्ती वेगळी उलगडावी लागत नाही. वामन अत्यंत बुद्धिमान आहे, पण त्याला एका गोष्टीची ओढ लागते, ती म्हणजे स्वतःसारखे आणखी वामन तयार करण्याची.

नारळीकरांनी नेमकं मर्म पकडलं. एक यंत्रमानव कितीही ताकदवान असला तरी तो एकच असतो. त्याला स्वतःची प्रत काढता आली, की तोच कारखाना होतो आणि फौजही तोच होतो. भुयार, भट्टी, सरकता पट्टा यांची मग गरजच उरत नाही. चापेकच्या नाटकात तर यंत्रमानव बनवण्याचं सूत्रच जाळलं जातं. हे ज्ञान कुणाच्या हाती द्यायचं, हा या साऱ्या कथांचा गाभा आहे. कादंबरीचा शेवट मी सांगणार नाही, तो तुम्ही वाचायला हवा.

आणि यंत्रसैनिक आपल्याकडेही बनतो बरं का. पुण्याजवळ दिघीला संरक्षण संशोधन संस्थेची जी अभियांत्रिकी प्रयोगशाळा आहे, तिथं 'दक्ष' विकसित झाला. 2011 च्या डिसेंबरात पहिले पाच 'दक्ष' लष्कराला मिळाले. तो जिने चढतो, संशयास्पद वस्तू उचलतो, क्ष-किरणांनी ती आतून पाहतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं बॉम्ब निकामी करतो. त्याला चालवणारा जवान सुमारे 500 मीटर दूर, सुरक्षित अंतरावर असतो. माणसाचा जीव वाचावा म्हणून यंत्र पुढे जातं आणि निर्णय माणूस घेतो. यंत्रमानवानं सैन्यात यायचंच असेल, तर त्यानं असं यावं, असं माझं ठाम मत आहे.

भोकर, मुदखेड, हिमायतनगरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींना शेवटी एक सांगतो. सिनेमातलं भुयार जरूर पाहा, पण 'वामन परत न आला' तुमच्या ग्रंथालयात मागा, नसेल तर मागवायला लावा. आणि मग स्वतः लिहा. आपल्या कातळाची, आपल्या विहिरींची, खाली उतरून सुरुंग लावणाऱ्या माणसांची माहिती तुम्हाला आहे. त्या माणसाला कथेत जागा द्या.