स्वागताध्यक्षीय भाषण : बॅसिलिका, नाव आणि घडण

‘बॅसिलिका’ या शब्दाच्या मुळाशी राजा आहे. ग्रीक भाषेत ‘बासिलेउस’ म्हणजे राजा आणि ‘बासिलिके’ म्हणजे राजेशाही. सब्जाच्या रोपाचे ‘बेसिल’ हे नावही याच घराण्यातले.

रोमनांनी मात्र हे नाव भर चौकातल्या सार्वजनिक सभागृहाला दिले. इ. स. पू. १८४ मध्ये थोरल्या केटोने रोमच्या फोरममध्ये बॅसिलिका पोर्किया उभारली. अशा सभागृहांत सौदे ठरत, खटले चालत. मध्ये लांब, उंच दालन; दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा; त्यांपलीकडे बुटक्या पडव्या; आणि अनेकदा टोकाला अर्धगोलात न्यायासन, अशी त्यांची घडण असे.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला. रोमन देऊळ देवाचे घर होते. यज्ञवेदी बाहेर असे आणि लोक तिच्याभोवती जमत. ख्रिस्ती उपासनेला सारा समुदाय आत हवा होता. म्हणून सभागृहाचा नमुना उचलला गेला आणि अर्धगोलाकडच्या बाजूला वेदी आली.

पुढे नाव घडणीपासून सुटले आणि मानाचे झाले. कॅथलिक पंथात रोममधली चार चर्च महाबॅसिलिका. इतर निवडक चर्चना पोपकडून लघुबॅसिलिकेचा दर्जा मिळतो. कॅथेड्रल निराळे, ते बिशपचे पीठ. जुन्या गोव्यात से कॅथेड्रल आणि बॉम जेझू बॅसिलिका जवळजवळच आहेत. फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष जतन केलेल्या बॉम जेझूचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये अभिषेक झाला. दर्जा मिळाला तो १९४६ मध्ये. वांद्र्याच्या मोतमाउलीला तो १९५४ मध्ये लाभला. बॉम जेझूच्या दालनाला बाजूच्या पडव्या नाहीत. तिथे नाव आहे, ती जुनी घडण नाही.

खानदेशाच्या वेशीवर, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, नेमके उलट आहे. इसवी सनापूर्वीच्या या चैत्यगृहात मधले दालन, दुतर्फा खांब, पडव्या आणि अर्धगोल शेवट सारे आहे. न्यायासनाच्या जागी स्तूप आहे आणि पडव्या त्याच्या मागून जोडून प्रदक्षिणेची वाट झाली आहे. अनेकांना एका छताखाली जमवायचे आणि सर्वांची नजर एका टोकाकडे न्यायची, ही गरज रोममध्ये होती तशी इथेही होती.

अशा घडणीच्या इतक्या जवळ, भुसावळात जमलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत.