असईचा धडा : शत्रूच्या बळाची परीक्षा



शत्रूचे तळ व तोफा यांची गणती झाली म्हणजे त्याच्या बळाची परीक्षा झाली, असा समज पुष्कळदा आढळतो. तो किती अपुरा आहे, हे जालना जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवरून आपणांस दिसेल.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या सैन्यावर चालून आला. शत्रू कोठे आहे, असे विचारता हरकाऱ्यांनी 'भोकरदन' असे सांगितले. परंतु ते नाव गावाचे तसेच परगण्याचेही होते. त्यामुळे छावणी अपेक्षेपेक्षा कित्येक मैल अलीकडेच आढळली. घोडदळ निघून गेले, पायदळही निघण्याच्या बेतात आहे, ही बातमीही खोटी ठरली. केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यात समग्र सैन्य उभे होते.

वाटाडे म्हणाले, जवळ उतार नाही. तथापि केळनेच्या दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गावे पाहून वेलस्लीने ताडले, की येथे जाण्या-येण्याची वाट असलीच पाहिजे. तर्क खरा ठरला. तो उतार मराठ्यांनी राखला नव्हता. म्हणजे आपल्याच ठाण्याची पारख करण्यात तेही उणे पडले.

स्थानाचा अंदाज असा साधला, परंतु सिद्धतेचा चुकला. आपण बगलेवर येताच शत्रूला तोंड फिरविता येणार नाही, अशी वेलस्लीची अटकळ होती. पोलमनच्या हाताखालील शिंद्यांच्या कवायती पलटणींनी मात्र झपाट्याने मोर्चा बदलला आणि असई गावाच्या आश्रयाने तोफांचा भडिमार केला. इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. त्यांना विजय मिळाला, तोफाही मिळाल्या. पण किंमत भयंकर पडली.

विशेष हे, की सूचना आधीच मिळाली होती. शिंद्यांच्या दरबारी वकील राहिलेल्या कर्नल कॉलिन्सने, त्यांचे पायदळ व तोफखाना पाहून आश्चर्य वाटेल, असे वेलस्लीस बजावले होते. ऐकणाऱ्यांनी ते हसण्यावारी नेले.

तात्पर्य, ठाणे डोळ्यांनी दिसते. शिस्त, सराव आणि निर्धार मात्र जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडूनच कळतात. आपल्या ज्ञातीतील जे तरुण सैन्यात आहेत वा जाऊ इच्छितात, त्यांनी हा भेद मनी धरावा. प्रतिपक्षास तुच्छ लेखणाऱ्याच्या चुकीचे मोल पुढील रांगेतील शिपाई आपल्या प्राणांनी देतो.