ऊस शोधला, उसाचा पत्ता नाही



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं साहित्याच्या भवितव्यावर बोलावं, अशी रीत आहे. मी मात्र फोनमधल्या त्या भिंगाच्या चिन्हाबद्दल बोलणार आहे. ते दाबून हवं ते मिळत नाही आणि आपण म्हणतो, ‘मलाच जमत नाही.’ तसं नाही.

आपला शिरूर-दौंडचा पट्टा उसाचा. गटावर निरोप येतो, ‘उसाची तोड सोमवारपासून.’ आठवड्यानं तो काढायला तुम्ही ‘ऊस’ टाइप करता आणि हाती काहीच लागत नाही. यंत्राच्या लेखी ऊ आणि उ ही दोन निराळी अक्षरं, दोन निराळे क्रमांक. ‘विहीर’ टाकली तर ‘विहिरीवरची मोटर’ दिसत नाही. ‘न्हावरे’ टाकलं तर ‘न्हावऱ्याला कारखान्यावर मीटिंग’ गायब. त्यातला तो ‘ऱ्या’ म्हणजे तर कहर! अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एका कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यावर साधा र, त्याचा पाय मोडून मागे एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. पण अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधाला एकाची दुसऱ्याशी ओळख नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द अर्ध्या कागदपत्रांत सापडतो आणि अर्ध्यांत नाही, तो यामुळे.

गावांच्या नावांची तीच गत. शिरूरला जुनी माणसं आजही घोडनदी म्हणतात, दौंड जुन्या इंग्रजी कागदांत ‘धोंड’ आहे. आणि नुसतं ‘शिरूर’ म्हणावं, तर बीडचं शिरूर कासार आणि लातूरचं शिरूर अनंतपाळ रांगेत उभं!

शब्दरूपांच्या या घोळावर उपाय नाही असं नाही. इंग्रजी शब्दांचे प्रत्यय सोडवून मूळ शब्दाशी पोचायची रीत मार्टिन पोर्टर यांनी १९८० सालीच मांडली. आपल्याकडे मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चं. सामान्यरूप तर आपण शाळेतच घोटून घेतो. तेव्हा नियमांवाचून काही अडलेलं नाही. ॲप करताना शोधाची खिडकी सगळ्यात शेवटी चिकटवली जाते आणि तपासणारा इंग्रजी शब्द टाकून मोकळा होतो. संगणकाची तऱ्हा वेगळीच. विंडोज एरवी ठरावीक फोल्डरांचीच सूची करून ठेवतं; बाकीच्यांत शोध एक तर रेंगाळतो, नाही तर रिकामा येतो. वर स्टार्ट मेनूत आपल्या फायलीचं नाव टाकावं, तर ते इंटरनेटवरची पानं पुढे करतं. विचारलं कोणी होतं?

थोडा दोष आपल्याही पदरी आहे. ग्रंथालयांच्या जुन्या स्मरणिका युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फॉन्टात पडून आहेत. दिसायला मराठी, पण आत साठवलेली अक्षरं भलतीच. त्या फायली रूपांतरित केल्याशिवाय कुठलाही शोध त्यांत शिरणार नाही.

दुपारच्या सत्रात एक ठराव मांडणार आहे. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक मराठी ॲपमध्ये ‘पाणी’ टाकून पाहावं. कालव्याच्या ‘पाण्याची पाळी’ सापडली नाही, तर ठेकेदाराचं बिल अडवावं. अनुमोदक हवा आहे.