दोन सर्व्हर, एक वायर आणि स्टोनिथ

मागच्या भागात आपण वेब सर्व्हरची हाय अव्हेलेबिलिटी बघितली. दोन मशीनवर एन्जिन-एक्स, पुढे कीपअलाइव्हडी, आणि दोघांत मिळून एक व्हर्च्युअल आयपी. मुख्य मशीन दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतं. तीन हाका चुकल्या की दुसरं आयपी उचलतं. एक राहिलं होतं, ते आत्ता सांगतो: व्हीआरआरपी-स्क्रिप्ट लावा. नाहीतर एन्जिन-एक्स मेलं तरी मशीन जिवंत आहे म्हणून आयपी तिथेच बसून राहतो.

वेबचं तसं सोपं असतं. दोन्हीकडे तोच कोड, त्यामुळे चुकून दोघांनी आयपी घेतला तरी थोडा गोंधळ होतो, इतकंच. फाइल सर्व्हरवर लोक लिहितात. आणि तिथेच मी माती खाल्ली.

नाशिकमधलं एक टॅक्सचं काम करणारं ऑफिस. दोन सर्व्हर, डीआरबीडीने डिस्क एकमेकांशी जोडलेल्या, वर सांबा, आणि सगळं सांभाळायला पेसमेकर-कोरोसिंक. डीआरबीडीचा प्रोटोकॉल सी लावला होता, म्हणजे दोन्ही डिस्कवर लिहून झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणत नाही. डेटाची काळजीच नाही, असं मी मालकांना छातीठोकपणे सांगून आलो होतो.

फक्त स्टोनिथ बंद ठेवलं होतं. का? तर ते लावल्याशिवाय क्लस्टर रिसोर्स सुरूच करेना, आणि नेटवर सगळे सांगतात, स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स करा. केलं. लगेच सगळं हिरवं!

जुलैचा शेवटचा आठवडा, रिटर्न भरायची घाई. कोणीतरी यूपीएस सरकवताना दोन सर्व्हरमधली थेट वायर निघाली. डीआरबीडी त्याच वायरवर, कोरोसिंकही त्याच वायरवर (हीसुद्धा माझीच कृपा). दोघांनाही वाटलं, दुसरा गेला. पहिला चालूच राहिला. दुसऱ्यानेही आपली डिस्क प्रायमरी केली, आयपी घेतला, सांबा सुरू केला. एआरपीला आता दोघंही उत्तर देत होते, त्यामुळे कोणाचा पीसी कुठे जाईल याचा नेम नाही. मॉनिटरिंग गप्प, कारण सर्व्हिस तर चालू होती ना!

दुपारी साडेतीनला फोन आला. ‘सर, मी सेव्ह केलेली फाइल शेजारच्या मॅडमना दिसत नाहीये.’

वायर परत लावली, तर लॉगमध्ये डीआरबीडी म्हणतंय, स्प्लिट-ब्रेन. आता एका बाजूला ‘डिस्कार्ड माय डेटा’ सांगायचं, म्हणजे तिथलं सकाळपासूनचं काम पुसायचं. नशीब, पुसण्याआधी त्या बाजूच्या बदललेल्या फाइल्स वेगळ्या काढून ठेवायचं सुचलं. पण काही एक्सेल दोन्हीकडे बदलल्या होत्या. त्या जुळवायला ऑफिसमधली माणसं दोन रात्री बसली. मीही बसलो, पण आकडे त्यांनाच कळत होते.

आता स्टोनिथ म्हणजे काय, तर आवाज बंद झालेल्या मशीनची आधी वीज तोडायची आणि मगच त्याची डिस्क उचलायची. ‘तो मेला असेल’ यावर विश्वास ठेवायचा नाही, तो मेलाय याची खात्री करायची. आयपीएमआयने हे होतं. मात्र सर्व्हरचीच वीज गेली तर आयपीएमआयही गेलं, मग फेन्सिंग अडकतं आणि क्लस्टर थांबून राहतं. म्हणून दुसरी पायरी म्हणून स्विच्ड पीडीयू ठेवा. दोघं एकमेकांना एकदमच मारू नयेत म्हणून एका बाजूला काही सेकंदांचा डिले द्या. आणि जमलं तर तिसरं छोटं मशीन क्यूडिव्हाइसचं मत द्यायला.

आता मी वायरही दोन टाकतो, कोरोसिंकला दोन वेगळ्या वाटा देतो. आणि क्लस्टर ताब्यात देण्याआधी मालकांसमोर, चालू फाइल कॉपी होत असताना, स्वतः वायर उपटतो. एका मशीनचे पंखे बंद पडून पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, कॉपी दुसऱ्या मशीनवरून परत सुरू झाली, तरच बिल देतो.

तुमच्याकडे दोन मशीनचं क्लस्टर असेल तर आज संध्याकाळी ‘पीसीएस प्रॉपर्टी’ चालवून ती एक ओळ बघा. फॉल्स दिसलं तर मला लिहा, पुढच्या भागात आयपीएमआयचं फेन्सिंग पायरीपायरीने लावू.